कुठली खुर्ची?

दि. ९ ऑक्टोबर
कारखाना, जेवणाची सुट्टी

प्रिय बारक्या,

ताईचे आशीर्वाद, घरच्या सगळ्यांची खुशाली आणि तुझ्या तब्येतीची चौकशी. एवढं एका दमात उरकून टाकलं, कारण पुढे लिहायचं पुष्कळ आहे आणि काचकागद घासून घासून माझी बोटं अशी झाली आहेत की पेन धरलं तरी पटाशी धरल्यासारखं वाटतं. तुझं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. त्यातल्या दोन हवेवर होत्या. चाळिशी उलटलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये, असं तुझे भाऊजी म्हणतात. मी त्यांना सांगितलं, तो तिकडे गोदीत मोठमोठ्या जहाजांच्या केबिनी बसवत असेल, माझ्यापुढे तो बारक्याच.

तुझ्याकडून एक परवानगी हवी आहे. महिनाअखेरच्या आत हवी, त्यापुढे छापखाना थांबणार नाही. कशाची परवानगी ते लगेच सांगितलं तर तू 'नको' म्हणून पत्र घडी घालून ठेवून देशील. तुला मी ओळखते. तेव्हा आधी माझी बढाई ऐकून घे. नमनाला घडाभर तेल जाईल, पण तेल घरचंच आहे.

तर, आपल्या कारखान्याची खुर्ची प्रदर्शनाला निघाली आहे.

इथलं हस्तकला महाविद्यालय एक मोठं प्रदर्शन भरवतं आहे. त्यात राजेरजवाड्यांच्या वस्तू नाहीत, सोन्याचांदीचं काही नाही. लोक रोज हाताळतात आणि पिढ्या उलटल्या तरी ज्या बदलाव्याशा वाटत नाहीत अशा वस्तू त्यांनी गोळा केल्या आहेत. एक कात्री, एक किटली, एक कुलूप, एक कंदील, एक खुर्ची. प्रत्येकातलं एकेकच. शहरात खुर्च्या करणारे काय कमी आहेत? काचेच्या दुकानात दिवे सोडून एकेक खुर्ची नटवून बसवणारे आहेत. त्या सगळ्यांना सोडून त्यांनी आपल्याकडची उचलली. मी हे भाजीवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला दोनदा सांगितलं. बँकेतल्या माणसानं काही विचारलं नव्हतं, त्यालाही सांगितलं. मिस्त्रीची गादी माझ्याकडे आली तेव्हा 'बाईच्या हातात कारखाना दोन वर्षं टिकला तर मिशी काढीन' म्हणणारा तो लाकूडवाला आठवतो का? त्याला मुद्दाम दुकानात जाऊन सांगितलं. मिशी अजून आहे, पण चहा पाजला.

त्या दालनाचं नाव आहे 'क्लासिक'. हा शब्द घरात आल्यापासून तुझ्या भाऊजींच्या अंगात आलं आहे. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण सासुरवाडीच्या धंद्यानं त्यांना कधी काम दिलं नव्हतं. आता मिळालं. जेवणाच्या टेबलावर तीन जाडजूड शब्दकोश येऊन बसले आहेत आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

ते म्हणाले, हा शब्द मुळात लाकडाचाही नाही आणि पुस्तकाचाही नाही, हा सरकारी शब्द आहे. फार जुन्या काळी रोममध्ये एका राजानं म्हणे सगळ्या लोकांची मालमत्तेवरून वर्गवारी केली. पाच वर्ग पाडले. त्यातल्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात धनवान वर्गातल्या माणसाला म्हणायचे 'क्लासिकस'. म्हणजे काय, तर 'वर्गातला'. मी विचारलं, मग उरलेल्या चार वर्गांतल्यांना काय म्हणायचे? तर म्हणाले, 'वर्गाखालचे'. मला असा राग आला म्हणून सांगू. पाच वर्ग पाडायचे आणि त्यातला एकच खरा वर्ग, बाकीचे नुसते खालचे.

पुढे कित्येक शतकांनी तिथल्याच एका लेखकानं हा शब्द वसुलीच्या कचेरीतून उचलला आणि लिहिणाऱ्या माणसांना लावला. अमका लेखक पहिल्या वर्गातला, ऐरागैरा नव्हे, अशा अर्थानं. मग असल्या पहिल्या वर्गाच्या लेखकांची पुस्तकं मुलांना शाळेत शिकवायला लागले, तेव्हा लोकांना वाटलं, शाळेच्या वर्गात शिकवतात ते क्लासिक. त्यानंतर ग्रीकांचं आणि रोमनांचं जे जे जुनं ते सगळं क्लासिक झालं. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि आता मोटारीपासून बिस्किटापर्यंत कोणीही यावं आणि तो कपाळाला लावून घ्यावा. मी म्हटलं, म्हणजे चांगल्याला चांगलं म्हणायला यांच्याकडे शब्द नव्हता म्हणून श्रीमंताचा उसना आणला आणि परत केलाच नाही. यावर ते इतके खूश झाले की दुसरा चहा त्यांनी स्वतः केला. साखर विसरले, पण केला.

कारखान्यात वेगळीच तऱ्हा. आपले पॉलिशवाले काका अजून येतात. काम अर्धं करतात आणि बोलतात दुप्पट. त्यांना हा शब्द साबणाच्या वेष्टणावरून ठाऊक आहे. ते म्हणाले, "नवा साबण आणला की जुन्यावर क्लासिक छापतात, आणि वर्षभरानं जुना बंद करतात. आपल्याला क्लासिक म्हणतायत म्हणजे जपून राहा." आणि खरंच दोन दिवस तोंड पाडून ब्रश फिरवत होते.

माझं मत कोणी विचारलं नव्हतं, तरी मी दिलं. माझ्याकडे दर आठवड्याला दोन-तीन खुर्च्या दुरुस्तीला येतात. वेत फाटलेला, खुंटी ढिली झालेली, कधी कुत्र्यानं पाय कुरतडलेला. आणणारा माणूस नवी खुर्ची घेऊ शकत नाही असं नसतं. पण तो ही टाकायला तयार नसतो. घामाघूम होऊन ती डोक्यावर घेऊन येतो आणि मला म्हणतो, बाई, हिलाच नीट करा. मी म्हटलं, तुमच्या रोमच्या राजाला काय म्हणायचं ते म्हणू दे, मोडल्यावर जिला लोक दुरुस्तीला आणतात ती वस्तू पहिल्या वर्गातली. प्रदर्शनवाल्या बाईंनी ते त्यांच्या वहीत लिहून घेतलं.

या बाईंविषयी सांगायला हवं. आखूड केस, खिशात टेप, आणि न विचारता प्रत्येक गोष्टीवर बसून बघायची सवय. मला पहिल्या भेटीतच आवडल्या. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे खुर्ची तपासण्याची रीत काय? मग मी तुला पाठ असलेलं सगळं त्यांना सांगितलं. खुर्ची तयार झाली की आम्ही ती गुपचूप वापरात ठेवून देतो. कोणीतरी त्यावर बसून दिवसभर काम करतं. संध्याकाळी त्याला विचारायचं, खुर्ची कशी होती? त्यानं 'कुठली खुर्ची?' म्हटलं की पास. काही टोचलं म्हणाला तर नापास. आणि छान आहे म्हणाला, तरीसुद्धा नापास. कारण जी खुर्ची लक्षात राहिली ती माणसाच्या कामात आडवी आली. नापास खुर्ची त्याच संध्याकाळी उकलायची आणि लाकूड परत फळीवर ठेवायचं. आजोबांनी घातलेला नियम, बाबांनी पाळला, मी पाळते. आमच्याकडे एखाद्याच्या कामाचं कौतुक करणं म्हणजे चारचौघांत त्याच्या तोंडात मारणं.

बाई आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही एकमेकांना चांगलं असं कधीच म्हणत नाही?"

मी नाही म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आणि मग तो तोरा मला दिवसभर पुरला नाही. भोंगा झाला. बाकीचं उद्या.

दि. ११ ऑक्टोबर
घर

काल लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. म्हणून आज सरळ लिहिते.

प्रदर्शनाला निघालेली खुर्ची मी 'आपली' म्हणाले. ती आपलीच आहे. पण ती गोदामातून नेलेली नाही, आणि बाबांनी केलेलीही नाही.

झालं असं. बाईंना नवीकोरी खुर्ची नको होती. रोजच्या वापरातली, घासलेली, माणसाची झालेली हवी होती. कारखान्यातलं काही त्यांच्या मनास येईना, म्हणून मी त्यांना चहाला घरी आणलं. बाबा टेबलाशी बसले होते. ते आता बरेच वाकले आहेत. ऐकू कमी येतं, पण सोयीनं. आपण पेन्शनीत आहोत हे त्यांना मान्य नाही, त्यामुळे टेबलावरसुद्धा एखादा लाकडाचा तुकडा घासत असतात. बाईंनी चहा घेतला नाही की बिस्किटाला हात लावला नाही. त्या बाबांच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. आणि मग त्यांनी बाबांना सांगितलं, जरा उठता का? त्यांच्या खुर्चीवरून त्यांना उठवायची माझी कधी हिंमत झालेली नाही. पण ते उठले. बाईंनी खुर्ची उचलून टेबलावर उलटी ठेवली आणि हात फिरवायला लागल्या.

पाठीची मधली पट्टी त्यांनी मोजली. म्हणाल्या, कारखान्यात आजोबांच्या वेळची खुर्ची टांगलेली आहे, तिच्यात ही पट्टी वर आहे, हिच्यात दोन बोटं खाली आहे. त्यामुळेच इथे पाठ टेकते आणि खांदे मोकळे राहतात. ही कोणी केली?

बाबा म्हणाले, "मुलानं."

मला आधी वाटलं, त्यांना प्रश्नच नीट ऐकू आला नाही. मग मी खुर्चीकडे बघितलं. बैठकीच्या खालच्या बाजूला, जिथे पॉलिश लावत नाहीत, तिथे रंध्याच्या रेघा होत्या. आमच्या सगळ्यांच्या रेघा उजवीकडून पडतात. या डावीकडून होत्या. या कारखान्यात डावखुरा रंधा मारणारा एकच झाला आहे.

बारक्या, तू गेलास तो दिवस आपण दोघांनी कधी पत्रात आणलेला नाही. माझ्या लग्नाला आलास, हॉलवरच राहिलास आणि हॉलवरूनच गेलास. मीही कधी विषय काढला नाही. आज काढते.

तुझी पहिली अख्खी खुर्ची. सगळे भाग तुझ्या हातचे. पहिल्या खुर्चीवर बसायचा मान मिस्त्रीचा, म्हणून दुपारभर बाबा तिच्यावर बसून करवतींना धार लावत होते. तू पट्टी खाली घेतली होतीस, कोणाला न विचारता. ते कोणालाही दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. संध्याकाळी सगळे हातातलं टाकून गोळा झाले. पॉलिशवाल्या काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, मिस्त्री, खुर्ची कशी होती? आम्ही सगळे 'कुठली खुर्ची?' ऐकायला तयार उभे. आणि बाबा म्हणाले, फार सुंदर झाली आहे.

 काका खाली बघायला लागले. तू अंगावरचा एप्रन काढलास, खुंटीला नीट अडकवलास आणि बाहेर पडलास. सकाळी तू गावात नव्हतास. आई असती तर मागे धावली असती. आम्ही कोणी धावलो नाही, कारण आम्हाला सगळ्यांना तेच वाटलं जे तुला वाटलं. पोरानं नियम मोडून पट्टी खाली घेतली, म्हणून बापानं सगळ्यांच्या देखत गोड बोलून त्याला नापास केलं. मलाही वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. नापास म्हणजे खुर्ची उकलली असणार, असं आम्ही धरून चाललो. बघायला कोणी गेलं नाही. त्या संध्याकाळी कारखाना बाबांनी एकट्यानं बंद केला होता.

ते ती खुर्ची घरी घेऊन आले. तेव्हापासून ते तिच्यावर बसतात. वीस वर्षांवर झाली. मी त्याच टेबलाशी जेवते, त्याच टेबलाशी कामाचे कागद बघते, तुला पत्रं लिहिते, आणि मला ती दिसली नाही. खुर्च्या करणारी, खुर्च्या पारखणारी मी, कारखान्याची मिस्त्री, मला ती एकदाही दिसली नाही. याहून कडक परीक्षेत एखादी खुर्ची पास झाल्याचं तुला माहीत असेल तर मला सांग.

अजून संपलेलं नाही. बाई दुसऱ्या दिवशी कारखान्यात आल्या आणि त्यांनी फर्मा मागितला. आपण ज्या पातळ फळीवरून प्रत्येक भाग आखून घेतो, तो. भिंतीवरून काढून त्यांनी तो तुझ्या खुर्चीच्या पाठीला लावला. रेघेला रेघ जुळली. तू गेलास त्याच्या पुढच्या महिन्यात बाबांनी आम्हाला सांगितलं होतं की जुना फर्मा झिजला, नवा केला आहे, यापुढे यावरूनच आखा. आम्ही आखत राहिलो. पट्टी खाली गेली आहे हे मला दिसलं होतं. मला वाटलं, बाबांचं वय झालं, त्यांना सोयीचं वाटलं असेल.

म्हणजे तू गेल्यापासून इथून जी जी खुर्ची बाहेर पडली ती तुझी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहेर बसायला मांडलेल्या आहेत त्या. वाचनालयात खिडकीखाली ज्या रांगेसाठी म्हातारे सकाळी भांडतात ती रांग. कॉलेजच्या शिक्षकांच्या खोलीत तुझे भाऊजी ज्या खुर्चीवर बसून पोरांच्या इंग्रजीच्या नावानं कपाळ बडवून घेतात ती. तिकडून तू मला एकदा लिहिलं होतंस, मी तुझ्या पोरीसाठी छोटी खुर्ची कर म्हटलं तेव्हा. लिहिलं होतंस, 'खुर्च्या मला जमत नाहीत, दुसरं काही सांग.' ते पत्र मी ठेवलेलं नाही, पण वाक्य ठेवलं आहे, आणि ते तू परत घ्यायचं आहेस. अर्ध्या शहराची पाठ तुझ्या पट्टीला टेकलेली आहे.

बाई गेल्यावर मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. विचारलं, "मग त्या दिवशी त्याला नापास का केलंत?"

"मी कुठे केलं?" ते म्हणाले. "मी सुंदर म्हणालो. नापास तुम्ही ऐकलंत."

"नियम तुमचाच आहे ना?"

"आहे. दुपारभर 'कुठली खुर्ची' तोंडात धरून बसलो होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मला राहवलं नाही."

मग माझी जीभ सुटली. इतकी वर्षं मूग गिळून बसलात, पोरगं तिकडे स्वतःला बिनकामाचं समजून जगलं, दोन ओळींचं पत्र लिहायला काय झालं होतं, असं बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सोयीनंसुद्धा बहिरे झाले नाहीत. मग म्हणाले, "पत्रात काय लिहिणार होतो? सुंदर झाली म्हणून? त्यानं पुन्हा तेच ऐकलं असतं."

 यावरचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

मी त्यांना माफ करून टाकलं असं समजू नकोस. तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलते आहे. पण तेव्हापासूनच कारखान्यात जाताना माझी मान जरा जास्तच ताठ आहे, तेही लपवत नाही. पॉलिशवाल्या काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी ब्रश ठेवला आणि भिंतीवरच्या फर्म्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, त्या दिवशी विचारणारा मीच होतो. मी म्हटलं, काका, तुम्ही विचारलं म्हणून तर उत्तर आलं.

आता परवानगी. प्रत्येक वस्तूखाली एक कार्ड लागणार आहे. वस्तू, लाकूड किंवा धातू, आणि करणाऱ्याचं पूर्ण नाव. बाईंनी आधी बाबांचं नाव घातलं होतं, कारखान्याचे जुने मिस्त्री म्हणून. बाबांनी ते स्वतःच्या हातानं खोडलं. म्हणाले, त्याचं नाव लागलं तर खुर्ची जाईल, नाहीतर माझी खुर्ची मला परत आणून द्या. बाई म्हणाल्या, जिवंत माणसाचं नाव त्याच्या संमतीशिवाय छापता येत नाही. म्हणून घोडं तुझ्यापाशी येऊन अडलं आहे. तू हो म्हणालास तर त्या दालनात तुझी खुर्ची राहील. नाही म्हणालास तर तिथे कात्री, किटली, कुलूप आणि कंदील राहील. बसायला काही नसेल. सुंभ जळला तरी पीळ न सोडणारी दोन माणसं एकाच घरात जन्माला आली, त्याचा त्रास मी लहानपणापासून काढते आहे. या खेपेस तरी माझं ऐक.

तुझे भाऊजी आत्ता मागे उभे राहून वाचताहेत आणि म्हणताहेत, शब्दाचं मूळ अर्धवट लिहिलंस. त्यांना काल आणखी खाली सापडलं. वर्गासाठी जो जुना शब्द होता, 'क्लासिस', तो म्हणे त्याहूनही जुन्या हाक मारण्याच्या शब्दातून आला असावा. हाक मारली की जे येऊन उभे राहतात ते. त्यावरूनच तो शब्द फौजेला लावायचे, आणि आरमारालाही. तू जहाजांवर काम करतोस हे आठवून त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. 'असावा' हे मात्र ठळक लिही म्हणतात, पंडितांचं एकमत नाही. पंडितांचं होईल तेव्हा होवो. वर्ग आणि मालमत्ता ही भानगड मला पहिल्यापासून पटली नव्हती. हे पटलं.

तर मी तुला हाक मारते आहे. परवानगीचं कार्ड सोबत आहे, त्यावर सही करून पाठवू नकोस, महिनाअखेरच्या आत घेऊन ये. प्रदर्शन पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उघडतंय. पोरीला आण. बायकोला आण. मुक्काम हॉलवर नाही, घरी. आधी कारखान्यात ये, मग कुठेही जा. मी सगळ्यांना बजावून ठेवते की तुझ्यासमोर कोणी तोंड शिवून उभं राहायचं नाही. पण पहिलं मीच बोलते, आजोबांचा नियम मोडून, शुद्धीवर राहून, पेननं लिहून. तुझी खुर्ची फार सुंदर झाली आहे, बारक्या. मी पाहिलेल्या सगळ्या खुर्च्यांत सुंदर.

वाट बघणारी आणि तुझ्या नावानं गावभर मिरवणारी,
तुझी ताई

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि पेन मागितलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

चि. बारक्या,
ताईनं लिहिलंय ते खरं आहे. तुझी खुर्ची त्यांनी नेली, मला आता बसायला नाही. म्हणून एक करायला घेतली आहे. पट्टी तू घेतलीस तिथेच घेतली. हात पूर्वीसारखा चालत नाही, पण तू येईपर्यंत होईल. पहिलं तू बस. पुरता वेळ बस. चांगली वाटली तर मला तसं सांग.
बाबा